रोमानियातल्या आजींचा मंत्र : चोरावा की जाऊ द्यावा?

क्लुजकर | रविवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र होतो, आज पहिला धागा काढतोय, सांभाळून घ्या.

नोकरीनिमित्त सहा वर्षं रोमानियात, क्लुज-नापोका शहरात राहतो. (हो, ट्रान्सिल्व्हानियातच. नाही, सुळे असलेलं कोणी भेटलेलं नाही.) गेल्या महिन्यात ऑफिसातल्या मैत्रिणीबरोबर तिच्या आजीच्या गावी गेलो होतो. उत्तरेला मारामुरेश म्हणून डोंगराळ भाग आहे, तिथे इझा नदीच्या खोऱ्यात. गाडीने चार-साडेचार तास. लाकडी घरं आणि घरापेक्षा ऐटदार लाकडी वेशी, त्यांवर पीळ दिलेला दोर आणि सूर्य कोरलेला. आजी चौऱ्याऐंशीच्या. गावात जेमतेम तीस घरांच्या धुराड्यांतून धूर निघतो, बाकीच्यांना कुलपं.

घाटातल्या वळणांनी माझं डोकं फुटायला आलं होतं. आजींनी एकदा माझ्याकडे बघितलं आणि नातीला म्हणाल्या, "ह्याला देओकी झालंय." देओकी म्हणजे आपली दृष्ट, शब्दशः तीच. मग एका वाडग्यात पाणी घेतलं. हे पाणी साधं नव्हे. पहाटे विहिरीतून सगळ्यात आधी काढलेलं, वाटेत कोणाशी न बोलता, मागे वळून न बघता आणलेलं. त्याला नावच आहे, 'आपा नेइन्चेपुता'. मी त्याचं मराठी 'न उष्टावलेलं पाणी' असं करतो. चुलीतले निखारे चिमट्याने एकेक करून त्यात सोडायचे आणि उलटं मोजायचं : नऊ नाहीत, आठ, आठ नाहीत, सात... मध्ये मध्ये काहीतरी पुटपुटणं, ते मात्र ऐकू येत नाही. निखारा तरंगला तर काही नाही, बुडाला तर दृष्ट. माझे सहा बुडाले. मग तेच पाणी कपाळाला लावलं, तीन घोट पाजलं आणि उरलेलं दाराच्या बिजागरीवर ओतलं.

डोकं उतरलं का? उतरलं. पण मी गाडीत गोळीही घेतली होती, त्यामुळे श्रेय कोणाला द्यायचं ते तुम्ही ठरवा.

आता खरा प्रश्न. त्या पुटपुटण्याला 'देस्कंतेक' म्हणतात आणि तो कोणी शिकवत नाही. तो चोरायचा असतो. समोर बसवून सांगितला तर सांगणाऱ्याचा उतरतो आणि ऐकणाऱ्याला लागू पडत नाही. आजींनी तो सासूकडून गोठ्यात, धारा काढताना चोरला. आता त्यांच्याकडून चोरणार कोण? मुलगी इटलीत कोणा म्हाताऱ्यांची देखभाल करते, मुलगा-सून स्पेनमध्ये, नात क्लुजला माझ्या शेजारच्या खुर्चीवर. आजी जेवताना हसत म्हणाल्या, "गावात चोरच उरले नाहीत."

माझ्या खिशात फोन होता. नात म्हणाली, पुढच्या वेळी गुपचूप रेकॉर्ड कर, नाहीतर कायमचा जाईल. करावा का? ती चोरी धरायची की शिकवणी? तुमच्याकडचे, तिकडचे, सगळे अनुभव लिहा.

---

शेवंती | रविवार, रात्री १०:०५

काय सुंदर लिहिलंय! आमच्याकडे मीठ-मोहऱ्या-मिरच्या ओवाळून चुलीत टाकतात, ठसका आला नाही की दृष्ट जबर. तुमच्याकडे निखारा पाण्यात, आमच्याकडे मिरची निखाऱ्यात. तिकडे बाळाला तीट लावतात का?

---

घाटावरचा | रविवार, रात्री १०:११

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. ड्रॅक्युला कितव्या प्रतिसादात येतो ते बघायचंय.

---

पावशेर | रविवार, रात्री १०:१२

दुसऱ्याच. तुम्हीच आणलात.

---

क्लुजकर | रविवार, रात्री १०:३०

@शेवंती, तीट नाही, पण बाळाच्या मनगटाला लाल दोरा बांधतात. आणि कोणी बाळाचं कौतुक केलं की लगेच "प्तिउ प्तिउ, दृष्ट न लागो" म्हणून खोटं खोटं थुंकायचं. आमच्या ऑफिसात परदेशांत शिकून आलेल्या बाईसुद्धा हे करतात.

---

काका_राजापूरकर | सोमवार, सकाळी ७:२०

क्लुजकर, तुमचा धागा वाचून रात्री झोप लागली नाही, म्हणून सकाळी उठून लिहितो आहे.

माझे मोठे चुलते विंचू उतरवायचे. पंचक्रोशीतून माणसं यायची, रात्री-अपरात्री, कोणाला खांद्यावर टाकून, कोणाला बैलगाडीत. पैसा घेत नसत, चहासुद्धा घेत नसत. मंत्र मिळवायचा तर ग्रहणात कमरेएवढ्या पाण्यात उभं राहायचं. त्यांच्याकडेही तोच नियम, एकाला दिला की आपला गेला. त्यामुळे ते देणं पुढे ढकलत राहिले. मी एकदा धीर करून विचारलं, तर म्हणाले, "तू मुंबईला जाणार, तुला तिथे कोण विंचू दाखवतोय?" खरंच होतं. १९८७ साली गेले, मंत्र घेऊन गेले.

आता हेही सांगतो, की ते गेल्यावर गावात विंचवाने मेलेल्यांची संख्या वाढली असं काही झालं नाही. तालुक्याला इंजेक्शन मिळायला लागलं होतं. मंत्राने उतरायचं का, हा प्रश्न मला आज पडत नाही. पण दारात कंदील घेऊन आलेली माणसं आणि चुलत्यांचं ते धोतर खोचून लगबगीनं उठणं, ते परत बघायला मिळणार नाही. रेकॉर्ड करा. माझ्याकडे त्यांचा आवाजही नाही.

---

अनिकेत_न | सोमवार, सकाळी ९:४५

सगळे गहिवरलेत, म्हणून थोडं थंड पाणी ओततो (उष्टावलेलं).

अंधश्रद्धा परदेशी असली की 'लोकसंस्कृती' आणि आपल्याकडची असली की २०१३चा जादूटोणाविरोधी कायदा, हा काय न्याय? त्याच रोमानियात २००४ साली, दक्षिणेला दोल्ज जिल्ह्यातल्या एका खेड्यात, घरातली मुलगी आजारी पडली म्हणून नातेवाइकांनी नुकत्याच वारलेल्या माणसाचं प्रेत उकरलं, काळीज काढून जाळलं आणि राख पाण्यात कालवून तिला पाजली. का, तर तो 'स्त्रिगोय' होऊन, म्हणजे मेल्यावर उठून तिला छळतोय. पोलीस केस झाली, जगभर बातम्या झाल्या. विरून जाऊ दे की हे सगळं. गोळीने डोकं उतरलं एवढं लिहून धागा बंद करा.

---

क्लुजकर | सोमवार, सकाळी १०:१५

अनिकेत, ती घटना खरी आहे आणि भयंकरच आहे. पण आजींनी मला घोटभर पाणी पाजलं, राख नव्हे. दोन्हींना एकाच गोणीत भरू नका.

---

अनिकेत_न | सोमवार, सकाळी १०:२१

निखारे विझवलेलं पाणी ना? मग राख होतीच की थोडी.

---

पावशेर | सोमवार, सकाळी १०:२२

सिक्सर!

---

बुखारेस्टवाली_वहिनी | सोमवार, दुपारी १:३०

आम्ही आठ वर्षं बुखारेस्टला होतो, त्यामुळे हक्काने लिहिते. 'विरत चाललं' हे मला अर्धंच पटतं. काही गोष्टी खेड्यातून निघून शहरात येऊन बसल्यात, आणि तिथे धष्टपुष्ट झाल्यात.

१ मार्चचं बघा. मर्त्सिशोर म्हणजे लाल-पांढरा पीळ दिलेला दोरा, त्याला छोटंसं पदक. पुरुष बायकांना देतात, पोरं बाईंना देतात. आधीच्या आठवड्यात प्रत्येक चौकात टेबलं लागतात. महिनाभर घालायचा आणि मग मोहरलेल्या झाडाला बांधायचा. २०१७ साली युनेस्कोच्या वारसा-यादीतही गेला, बल्गेरिया, मोल्दोव्हा, उत्तर मॅसेडोनिया सगळ्यांसकट. त्याच वेळी 'बाबा'ही असतात. आपले बाबा नव्हेत हो, 'बाबा' म्हणजे म्हातारी. दोकिया नावाची म्हातारी नऊ कोट घालून डोंगरावर निघाली, ऊन पडलं म्हणून रोज एकेक काढून टाकत गेली आणि शेवटी गारठून दगड झाली. १ ते ९ मार्चमधला एक दिवस आपण निवडायचा, त्या दिवशी जसं हवामान तसं आपलं वर्ष. मी एका वर्षी ४ तारीख निवडली, धो धो पाऊस. ऑफिसमधल्या पोरी वर्षभर म्हणायच्या, "तुझी म्हातारी रडकी निघाली."

पण एका बारशाला गेले होते तिथला प्रकार सांगते. त्यांच्याकडे मूल जन्मल्यावर तिसऱ्या रात्री तीन 'उर्सितोआरे' येतात आणि त्याचं नशीब ठरवतात. पूर्वी सुईण त्यांच्यासाठी टेबलावर पाव, मीठ, वाइन मांडून ठेवायची आणि घर गप्प बसायचं. आपली सटवाईच की! सहाव्या रात्री कोरा कागद आणि पेन ठेवतो ना आपण? तर त्या बारशाला हॉटेलात दिवे बंद झाले, धुराचं यंत्र सुरू झालं आणि पंख लावलेल्या तीन मुली माइक घेऊन आल्या. एकीने सांगितलं बाळ देखणं होईल, दुसरीने हुशार, तिसरीने श्रीमंत. तासाच्या भाड्याने आणलेल्या. वाईट काही बोलायची सोयच नाही, पैसे दिलेत ना! बाळ भोकाड पसरून रडत होतं. शेजारी बसलेली त्याची पणजी मला हळूच म्हणाली, "खऱ्या कधी दिसत नसत."

---

शेवंती | सोमवार, दुपारी १:५०

"खऱ्या कधी दिसत नसत"... अंगावर काटा.

---

मृदुला_प | सोमवार, संध्याकाळी ६:१०

लोकसाहित्याची विद्यार्थिनी, त्यामुळे लांबलचक प्रतिसादाबद्दल आधीच माफी.

वहिनींनी सटवाई सांगितली, मी धोंडी सांगते. पाऊस लांबला की आपल्याकडे पोराला कडुलिंबाचा पाला गुंडाळून दारोदार नेतात, "धोंडी धोंडी पाणी दे", आणि बाया त्याच्यावर कळशी ओततात. दक्षिण रोमानियात हीच 'पापारुदा'. हिरव्या पाल्यात गुंडाळलेली मुलगी, दारोदार गाणं, वरून पाण्याची बादली. बहुतेक गावांत हे काम रोमा, म्हणजे जिप्सी समाजाच्या मुलींकडे असायचं. गावाला पाऊस हवा, पण ओलं व्हायचं गावकुसाबाहेरच्यांनी, हेही आपल्यासारखंच. दुसरा प्रकार 'कालोयान'. पोरं मातीचा बाहुला करतात, फुलांनी सजवतात, शेतात पुरून त्याच्यासाठी रडतात, मग उकरून पाण्यात सोडतात. रडणं खरं असतं म्हणे, कारण मोठ्या बायकांचं रडगाणं पोरांना पाठ असे. अंत्यविधीला गाऊन रडायचं, त्याला 'बोचेत' म्हणतात. मेलेल्याला हाक मारून, त्याचं कौतुक, त्याच्यावरचा राग, सगळं चालीत.

आता 'चोरण्या'बद्दल. मला वाटतं ही निवडीची रीत असावी. ज्या पोरीला खरंच रस आहे ती गोठ्यात, चुलीपाशी, पुन्हा पुन्हा रेंगाळेल, कान देईल, तिलाच शेवटी येईल. एका बैठकीत चोरताच येत नाही. क्लुजकर, तुमचा फोन एका बैठकीत चोरेल, पण रेंगाळणार नाही.

आणि अनिकेत, मुद्दा मान्य, पण हे बघा : ओल्तेनियात, म्हणजे तुम्ही सांगितलेल्या दोल्ज जिल्ह्याच्याच आसपास, 'कलुश' नाच आहे. ईस्टरनंतर पन्नासाव्या दिवशी रुसाली येतो, त्या आठवड्यात पुरुषांचं टोळकं नाचत फिरतं. संख्या विषम हवी. झेंड्याला लसूण आणि 'पेलीन' नावाची कडू वनस्पती बांधतात, त्यावर शपथ घेतात. एक 'मुका' असतो, मुखवटा आणि लाकडी तलवार घेतलेला, त्याने बोलायचं नाही आणि सगळ्यांची टिंगल करायची. त्या दिवसांत शेतात काम केलं तर 'येले' नावाच्या पऱ्या झपाटतात आणि त्यावर उतारा एकच, कलुशवाल्यांनी रोग्याभोवती नि रोग्यावरून नाचणं. आज नाच आहे, २००८पासून युनेस्कोच्या यादीत आहे, स्पर्धा आहेत, ढाली आहेत. झपाटलेलं मात्र कोणी उरलेलं नाही. रोगी संपला आणि डॉक्टर स्टेजवर गेला.

---

घाटावरचा | सोमवार, संध्याकाळी ६:२५

मुका, जो बोलत नाही आणि सगळ्यांची टिंगल करतो. म्हणजे इथले वाचनमात्र आयडी.

---

वेल्डर_नाशिककर | सोमवार, रात्री ११:५०

मी समुद्राकडच्या भागात जहाजाच्या कामावर आहे, दोन वर्षं झाली. आता इकडे आपली, नेपाळची, श्रीलंकेची भरपूर पोरं आहेत. सरकार वर्षाला बाहेरच्या हजारो लोकांना परवाने देतं, कारण ह्यांची पोरं इटलीला. जास्त लिहिता येत नाही, एक किस्सा सांगतो.

आमची खोली गावात आहे. शेजारची म्हातारी शनिवारी सकाळी कुंपणावरून हाक मारते. हातात ताट, त्यात पाव, त्यावर पेटलेली मेणबत्ती, एक नवा कप आणि एक गोड पदार्थ, उकडलेल्या गव्हाचा, साखर-अक्रोड घातलेला. मला वाटलं प्रसाद. आईला व्हिडिओ कॉल करून दाखवलं, दोघांनी नमस्कार केला, मी खाल्लं. नंतर सुपरवायझर म्हणाला, ते 'पोमाना' होतं, तिच्या नवऱ्याला जाऊन सहा महिने झाले म्हणून. आणि घेताना "बोग्दाप्रोस्ते" म्हणायला पाहिजे होतं, तू नुसतं थँक्यू म्हणालास. म्हणजे मी महाळाचं जेवलो! आई म्हणाली, अरे मग चांगलंय की, त्यांच्याकडे कावळा नसेल, तूच बसलास.

आता प्रत्येक वेळी बोग्दाप्रोस्ते म्हणतो. कप धुऊन परत द्यायला गेलो तर घेत नाही, तो वारलेल्याला पोचला म्हणते. आमच्याकडे पाच कप झालेत. गावात द्यायला माणूस नाही, म्हणून सगळं आमच्या खोलीवर येतं. तिचा मुलगा नाही आला ह्या वेळीपण.

---

काका_राजापूरकर | मंगळवार, सकाळी ६:५५

नाशिककर, तुम्ही सगळ्यात जास्त लिहिलंत.

---

बुखारेस्टवाली_वहिनी | मंगळवार, सकाळी ९:१०

कावळा! आईंना दंडवत. कोलिवा म्हणतात त्या गव्हाच्या पदार्थाला, मला फार आवडायचा, पण विकत मागायला धीर व्हायचा नाही.

ह्यावरून आठवलं. नवऱ्याने पहिल्याच वर्षी बॉसच्या बायकोला वाढदिवसाला मोजून बारा गुलाब नेले. तिकडे सम संख्येची फुलं मयताला. बाईंनी हसत हसत एक काढून कचऱ्यात टाकलं.

---

भटकभवानी | मंगळवार, दुपारी १२:००

मला वहिनींपेक्षाही जास्त असहमती नोंदवायची आहे. २०१९च्या ऑगस्टमध्ये मारामुरेशच्या शेजारच्या ओआश भागात गेले होते. तिथल्या पोरांनी फ्रान्स-इटलीत बांधकामावर राबून गावात तीन-तीन मजली बंगले उठवलेत. आत कोणी राहत नाही, म्हातारे मागच्या जुन्या स्वयंपाकघरातच. (कोकणातली आणि आखातवाल्यांची घरं आठवा.) पण ऑगस्टात सगळे परततात आणि लग्नांचा धडाका लागतो. नवरीचा पारंपरिक पोशाख इतका मण्यांनी-भरतकामाने जड, की तिला बसता येत नाही. जुन्या फोटोंतला पोशाख ह्याच्यापुढे साधा वाटतो. पैसा आला की रीत मरतेच असं नाही, कधी कधी बाळसं धरते. मला ती जरा सुजल्यासारखी वाटली, पण तो माझा दोष.

तिथून सपन्त्साला 'आनंदी दफनभूमी' बघायला गेले. स्तान इओआन पत्राश नावाच्या सुताराने १९३५मध्ये सुरुवात केली. निळा क्रूस, त्यावर मेलेल्याचं चित्र आणि खाली त्याच्याच तोंडी रचलेलं पद्य. दारू प्यायचा तर तसं लिहिलेलं, गाडीखाली गेला तर गाडीचं चित्र. आठशेच्या वर क्रूस आहेत. १९७७ साली पत्राश गेला आणि त्याच्या शिष्याने काम पुढे चालवलं. एका सासूच्या क्रूसावर जावयाने लिहिलंय त्याचा मथितार्थ : आणखी तीन दिवस ही जगली असती तर मी इथे असतो आणि हे वाचत ती उभी असती. जाणाऱ्या-येणाऱ्यांनो, हळू बोला, उठली तर माझं डोकं खाईल.

---

पावशेर | मंगळवार, दुपारी १२:०४

हा क्रूस घरपोच मिळतो का? मित्राला पाहिजे.

---

सौ_पावशेर | मंगळवार, दुपारी १२:४०

मित्राला घरी येऊ द्या, सांगते.

---

घाटावरचा | मंगळवार, दुपारी १२:४१

धागा सार्थकी लागला 😂😂

---

इतिहासवेडा | मंगळवार, संध्याकाळी ७:३०

इतके प्रतिसाद झाले आणि कम्युनिस्ट राजवटीचं नाव कोणी काढलं नाही? १९४९ ते १९६२ जमिनींचं सामूहिकीकरण झालं. बांध गेला, बैल गेला, की त्यांच्याशी बांधलेले सण हवेतच. ख्रिसमसच्या बाबाला हटवून 'मोश जेरिला', म्हणजे थंडीचे आजोबा, आणले. १९७६पासून देशभर एक प्रचंड महोत्सव भरवायला लागले, त्यात गावोगावचे नाच पक्षाच्या स्तुतिगीतांबरोबर मंचावर. मृदुलाताई म्हणतात तो डॉक्टर स्टेजवर गेला तो तेव्हाच, युनेस्कोमुळे नाही. १९८८ साली तर हुकूमशहा चाउशेस्कूने निम्म्याच्या आसपास खेडी नकाशावरून पुसून लोकांना इमारतींत कोंबायचा बेत जाहीर केला. १९८९मध्ये तोच पुसला गेला, म्हणून गावं वाचली.

---

भटकभवानी | मंगळवार, रात्री ८:१५

पण मारामुरेशसारख्या डोंगरी भागात बऱ्याच गावांत सामूहिकीकरण पोचलंच नाही, जमीन इतकी तुकड्या-तुकड्यांची नि चढउताराची. म्हणूनच तिथे इतकं टिकलं. तरी आजींच्या गावात तीसच घरं उरलीत. ते कम्युनिस्टांनी नाही केलं.

---

इतिहासवेडा | मंगळवार, रात्री ८:५०

तो मुद्दा मान्य. १९९०ला लोकसंख्या २ कोटी ३२ लाख होती, २०२१च्या जनगणनेत १ कोटी ९० लाख. २००७ला युरोपीय संघात गेल्यावर दार सताड उघडलं. चाळीस वर्षं पक्षाला जे जमलं नाही ते स्वस्त विमानांनी केलं.

---

मृदुला_प | मंगळवार, रात्री ९:०५

हेच मला म्हणायचं होतं आणि सापडत नव्हतं. विश्वास उडाला म्हणून रीत थांबली असं आपण धरून चालतो. पण कलुशला सात गडी लागतात, बोचेतला साथ द्यायला चार बाया लागतात, दृष्ट काढायला निदान दृष्ट लावणारं कोणीतरी लागतं. तीस घरांत आजींचा मंत्र ऐकायला रोगीच मिळत नसेल. म्हणून क्लुजकर दिसल्याबरोबर त्यांचं डोकं दुखतंय हे आजींच्या लक्षात आलं!

---

अनिकेत_न | मंगळवार, रात्री ९:२०

गिऱ्हाईक आलं म्हणा की. (हलके घ्या.) बाय द वे, २०११मध्ये तिकडे सरकारने चेटकिणींचा धंदा अधिकृत व्यवसायांत घालून कर लावला, तेव्हा त्यांनी निषेध म्हणून डॅन्यूब नदीत विषारी मुळ्या टाकून सरकारवर करणी केली होती. परंपरा विरत-बिरत नाही, जीएसटी लावला की जागी होते.

---

शेवंती | मंगळवार, रात्री ९:२२

अनिकेत पहिल्यांदाच हसवलंत.

---

वेल्डर_नाशिककर | मंगळवार, रात्री ११:५५

एक विसरलो. इकडे लोक भुताला कमी आणि 'कुरेंत'ला जास्त घाबरतात. कुरेंत म्हणजे दोन खिडक्यांमधून आरपार जाणारा वारा. बसमध्ये ३८ डिग्रीत एक खिडकी उघडी असताना दुसरी उघडली तर सगळी बस ओरडते. कान दुखेल, दात दुखेल, मान अवघडेल. ही अंधश्रद्धा तरुण पोरांमध्येपण फुल आहे, ती कोण घालवणार?

---

काका_राजापूरकर | बुधवार, सकाळी ६:५०

ती अंधश्रद्धा नव्हे. कानाला रुमाल बांधत जा.

---

क्लुजकर | तीन आठवड्यांनी, रविवार, रात्री १०:२०

धागा वर काढतोय, माफ करा. परवा पुन्हा आजींकडे जाऊन आलो. हा वृत्तांत.

फोन नेला होता, चार्ज करून नेला होता. काकांचा प्रतिसाद मी नातीला भाषांतर करून वाचून दाखवला होता, ती गाडीत बराच वेळ बोलली नाही. त्यामुळे रेकॉर्ड करायचं असंच ठरवून गेलो.

संध्याकाळी शेजारची एक बाई कुरकुरणारं बाळ घेऊन आली, इटलीहून सुट्टीला आलेली. आजींनी वाडगा काढला. मी फोन चालू करून खिशात ठेवला. नात पाच फुटांवर, आमच्याकडे पाठ करून, बटाटे सोलत होती. आणि मंडळी, मागच्या वेळी जो आवाज मला दोन फुटांवरून ऐकू आला नव्हता, तो ह्या वेळी अंगणातल्या कुत्र्यालाही ऐकू गेला असेल. आजी चक्क खणखणीत बोलत होत्या. नजर बाळाकडे, तोंड बटाट्यांच्या दिशेला. बटाटे सोलायचा आवाज थांबला होता. मी खिशातला फोन बंद केला. का ते सांगता येणार नाही, मला तिथे तिसरा माणूस झाल्यासारखं वाटलं. अनिकेत रागावतील, काका जास्त रागावतील.

नऊ नाहीत, आठ. आठ नाहीत, सात. असं चारपर्यंत आलं, तेवढ्यात बाळाच्या आईचा फोन वाजला, तिकडून नवरा. आजींचा आवाज एकदम खाली गेला आणि पुढचं पुन्हा पुटपुटण्यात गेलं. चार निखारे बुडाले, पाणी बिजागरीवर.

परतताना नातीने गाडी चालवायला मला दिली आणि स्वतः ऑफिसच्या वहीत लिहीत बसली. वाटेतल्या देज शहरापर्यंत. मी विचारलं नाही.

---

काका_राजापूरकर | सोमवार, सकाळी ६:४५

रागावलो नाही. पण चाराच्या खालचं राहिलं ना?

---

क्लुजकर | सोमवार, सकाळी ९:३०

हो काका. ती ईस्टरला आठवडाभर जाणार आहे म्हणते. एकटीच.

---

पावशेर | सोमवार, सकाळी ९:३२

बटाटे पुरतील ना?